भिवापूरला पोचवलेली पेटी

मी आयुष्यात नोकऱ्या दोन केल्या. एक रोजची, नागपुरातल्या एका कापड गिरणीच्या स्टोअरमधली. दुसरी कधीमधीची, नौदलाच्या राखीव दलातली. या अंकाच्या संपादकांना पहिलीत रस नाही. समुद्र नसलेल्या गावातल्या खलाशाबद्दल काही गमतीचं लिहा, असं त्यांनी सांगितलं. गमतीचं थोडं आहे, ते आधी लिहून टाकतो. मग जे लिहायचं म्हणून मी पेन हातात घेतलं, ते लिहीन.

सतराव्या वर्षी मी घरातून निघालो आणि नौदलात भरती झालो. स्टोअरचं काम शिकलो. दोरखंडापासून सुईपर्यंत जहाजाला लागणारी प्रत्येक वस्तू कुठे आहे, किती आहे आणि कोणी नेली, हे ठाऊक असणं म्हणजे ते काम. दहा वर्षं झाल्यावर सुट्टी मिळाली. पण सुट्टी म्हणजे पूर्ण सुटका नव्हे. पुढची दहा वर्षं नाव राखीव यादीत राहतं. पत्ता बदलला की कळवायचं, मधूनमधून उजळणीच्या प्रशिक्षणाला मुंबईला जायचं, आणि लढाई झाली तर तार येताच हजर व्हायचं. पाहुण्यांसाठी घडी करून ठेवलेल्या गादीसारखे आम्ही. रोज लागत नाही, पण टाकून देता येत नाही.

नागपुरातल्या सक्करदऱ्यात, तलावाजवळ, मी भाड्याने राहत होतो. शेजारी मला जहाजवाले म्हणत. तलावाला पाणी चढलं की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय गा जहाजवाले, आता तं तुमची ड्युटी लागन?" मीही हो म्हणायचो.

उजळणीला माझ्याबरोबर खाप्याचा दौलत यायचा. नौदलात तो झेंड्यांनी निरोप देणारा सिग्नलमन होता. सुटल्यावर घरच्या मागावर लुगडी विणायला बसला. प्रशिक्षणाला जमलेली आमची मंडळी पाहण्यासारखी असायची. कोणी शिंपी, कोणी एसटीचा कंडक्टर, कोणी शाळामास्तर, आणि बहुतेकांची पोटं सुटलेली. गणवेशाची बटणं लागायची नाहीत. दौलतच्या हातात झेंडे दिले तेव्हा तो म्हणाला, सगळं विसरलो. पण शिक्षकाने शब्द उच्चारला की त्याचे हात आपोआप हलायचे. काय निरोप दिला ते त्याला स्वतःलाच नंतर आठवायचं.

एका पत्र्याच्या खोलीत धूर भरून आम्हाला आत सोडत. दोरी धरून, जमिनीला तोंड लावून, आत पडलेला पुतळा बाहेर ओढून आणायचा. दुसऱ्या खोलीत भिंतीला मुद्दाम भोकं पाडलेली असत आणि त्यांतून जोरात पाणी सोडत. छातीपर्यंत पाणी चढायच्या आत लाकडी पाचरी आणि घोंगड्या ठोकून ती भोकं बुजवायची. जहाजाला भोक पडलं तर करायचं काय, त्याची ही तालीम. एकदा गिरणीतली पाण्याची मोठी टाकी फुटली आणि कापसाच्या गाठींकडे पाणी निघालं. मी गोणपाट आणि पाचर घेऊन धावलो आणि भोक बुजवलं. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवशी मात्र मी जहाजवाला असल्याचा मला खरोखर अभिमान वाटला.

गमतीचं इतकंच.

एकाहत्तरच्या लढाईत तार आली. दौलत आणि मी एकाच गाडीने गेलो. मला वाटलं होतं, जहाजावर पाठवतील. दौलतला पाठवलंही. मला मात्र किनाऱ्यावरच्या बराकीतल्या सामान-खोलीत ठेवलं. सगळी लढाई मी त्या खोलीत काढली. एकदाही जहाजावर पाय ठेवला नाही. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे झालं ते याच गोष्टीवरून झालं.

त्या लढाईत आपलं एक जहाज बुडालं. त्यावरची माणसं गेली. काही वाचली, ती इस्पितळात होती. सामान-खोलीतल्या माझ्या कामाचं स्वरूप त्या दिवसापासून बदललं. जहाजावरच्या माणसाचं बरंचसं सामान जहाजावरच असतं, पण काहींच्या पेट्या बराकीत राहिलेल्या असतात. त्या पेट्या उघडायच्या, आतल्या वस्तूंची यादी करायची आणि घरी पाठवायच्या. हे काम दोघांनी मिळून करायचं असतं. एकाने वस्तू उचलून तिचं नाव मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. पत्रं वाचायची नाहीत, मोजून बांधायची. सदरा एक. आरसा एक. दाढीचा ब्रश एक. आवाज न बदलता बोलायचं, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही तसंच बोलायचो. किती पेट्या बांधल्या ते मी मोजलं नाही.

त्यांतली एक पेटी भिवापूरच्या श्रावणची होती. श्रावण इंजिनावर काम करणारा पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याचं नाव त्या जहाजाच्या यादीत नव्हतंच. दुसरा कोणी आजारी पडला म्हणून ऐन वेळी त्याला पाठवलं होतं. हातात छोटी पिशवी घेऊन गेला आणि पेटी मागे राहिली. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पेटी उघडली तर ठसका लागला. एका फडक्यात घरच्या मिरच्या बांधलेल्या होत्या. खाली दोन सदरे, लग्नातला फोटो आणि एक घडी घातलेला कागद. पत्र तर नाही ना, हे पाहायला मी तो उलगडला. त्यावर पेन्सिलने एका पावलाचा आकार काढलेला होता. रुंद, बोटं फाकलेलं, मोठ्या माणसाचं पाऊल. बाजूला लिहिलं होतं, "बाबाचा पाय. बूट." यादीत काय लिहायचं ते आम्हा दोघांना कळेना. शेवटी लिहिलं, कागद एक.

लढाई थांबली. काही आठवड्यांनी राखीव मंडळींना घरी सोडायला सुरुवात झाली. निघायच्या आदल्या दिवशी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. तू नागपूरचा, भिवापूर तुझ्या बाजूला. ती पेटी रेल्वेने पार्सल करण्यापेक्षा तूच हाताने पोचव, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला ते बरंही वाटलं. निदान काहीतरी केल्यासारखं होईल.

इतवारी स्टेशनवरून छोट्या गाडीने मी भिवापूरला उतरलो. अंगावर गणवेश होता. पेटी डोक्यावर घेऊन एक हमाल पुढे चालला होता आणि वाटेवरच्या अंगणांत लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या. बाया कामं थांबवून आमच्याकडे पाहत होत्या. मी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

श्रावणचे वडील कवडूजी दारातच उभे होते. उंच, वाळलेला माणूस, अनवाणी. त्यांची थोडी शेती होती. मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. पेटीकडे कोणी बघत नव्हतं. घरात श्रावणची आई होती आणि बायको चंद्रकला होती. ती दाराआड बसलेली मला अर्धी दिसत होती. एकोणीस वर्षांची असेल. कपाळावर मोठं कुंकू.

हळूहळू मला कळत गेलं की या घरात श्रावण अजून मेलेला नाही. नौदलाचं पत्र आलं होतं. बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं, तेव्हा आईने फक्त "समजण्यात" एवढंच धरलं. समजतात म्हणजे त्यांनाही माहीत नाही. पोरगा तलावात पोहायचा, दम धरायचा. पलीकडच्या किनाऱ्याला लागला असेल. कैदी म्हणून धरला असेल. रेडिओवर कैद्यांच्या बातम्या सांगतात, कधी तरी त्याचं नाव येईल. म्हणून दिवसपाणी केलेलं नव्हतं. आणि म्हणूनच घरात कोणी पोटभर जेवत नव्हतं की धड रडतही नव्हतं. शेतात मिरची तोडायची राहून गेली होती.

कवडूजींनी शेवटी पेटी उघडली. मिरच्या बाजूला ठेवल्या, सदरे ठेवले. मग तो कागद उलगडला. काही वेळ पाहत राहिले. नंतर कागद जमिनीवर ठेवून त्यांनी त्यावर आपला उजवा पाय ठेवला. बरोबर बसला. पाय तसाच ठेवून ते उभे राहिले.

मग मला घेऊन ते मागच्या गोठ्याकडे गेले. म्हणाले, "साहेब, जहाज बुडालं तवा तुमी होते न तिथं?"

मी गणवेशात होतो, मुंबईहून आलो होतो, पोराची पेटी आणली होती. त्यांनी धरून चालणं साहजिक होतं. मी ते खोडून काढलं नाही.

"मले एकच सांगा. होय का नाई. तुमी त्याले पाह्यलं काय? घरात तीन माणसं हायेत साहेब. ना जगून राहिले, ना मरून."

मी सांगितलं, "हो. पाहिलं."

एकदा हो म्हटल्यावर पुढचं सांगावंच लागलं. कवडूजींनी मला घरात आणलं आणि सगळ्यांसमोर बसवलं. इस्पितळातल्या एका वाचलेल्या खलाशाला मी कपडे द्यायला गेलो होतो, तेव्हा त्याने मला त्याच्या मित्राचं सांगितलं होतं. त्या मित्राने दोघांना ढकलून तराफ्यावर चढवलं, स्वतः चढायला हात वर केला आणि एका लाटेनंतर दिसला नाही. केरळचा पोरगा होता तो. त्याचं ते मरण मी उचललं आणि श्रावणला दिलं. मीही त्याच तराफ्यावर होतो असं सांगितलं. दोघांना वाचवलं म्हणालो. फार वेळ लागला नाही, त्रास झाला नाही, म्हणालो. माझा आवाज सामान-खोलीत असायचा तसाच होता.

आईने असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं धावत आली. बाया चंद्रकलेला आत घेऊन गेल्या. आतून बांगड्या फोडल्याचा आवाज मी बाजेवर बसून ऐकला. कवडूजींनी माझे दोन्ही हात धरले आणि मोकळेपणी रडले. दुपारच्या गाडीने मी परत निघालो. गाडीत मला वाटत होतं, मी चांगलंच केलं. पुढची तीन वर्षंही मला तसंच वाटत होतं.

कवडूजी मधूनमधून नागपूरला यायचे, तेव्हा घरी चक्कर टाकायचे. मिरची घेऊन यायचे. माझ्या बायकोला, शालूला, मुलगी म्हणायचे. ती गोष्ट पुन्हा सांगा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही, पण निघताना हमखास म्हणायचे, "दोघाले वाचवलं न त्यानं." मी मान हलवायचो. शालूला खरं ठाऊक होतं. ती म्हणायची, एक घर उभं राहिलं न, मग आता ते उकरू नका.

पंच्याहत्तर साली पुन्हा उजळणीची बोलावणी आली. धुराची खोली, पाण्याची खोली, सगळं तेच. तिथे तो इस्पितळातला खलाशी मला भेटला. आता तो नवीन पोरांना जीव वाचवायचं शिकवायचा. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर आपल्या मित्राची गोष्ट सांगितली. मित्राचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्याची आई दरवर्षी मला पत्र पाठवते, म्हणाला. दौलत माझ्या शेजारी बसला होता. तो हळहळला. मला मान वर करता येईना. एका मेलेल्या पोराजवळ त्याचं स्वतःचं असं जे शेवटचं होतं, ते मी दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. परत आल्यावर माझं जेवणात लक्ष लागेना. कोणाला तरी सांगून टाकावं असं सारखं वाटत होतं.

त्याच महिन्यात चंद्रकला घरी आली. बरोबर तिचा भाऊ होता. तो बाहेर ओट्यावर बसला आणि ती आत आली. मी तिला गोठ्याच्या त्या दिवसानंतर धड पाहिलं नव्हतं. कपाळ मोकळं, अंगावर साधं लुगडं. शालूने पाणी दिलं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर तिने खाली बघत सांगितलं, की उमरेडच्या एका शाळामास्तरांचं तिच्यासाठी विचारणं आलं आहे. त्यांची बायको वारली होती. माणूस चांगला होता. मुख्य म्हणजे कवडूजींनी स्वतः होकार दिला होता. सुनेला ते म्हणाले होते, तू पोरगी म्हणून या घरातून जा. सासूही तयार झाली होती.

"मी बी तयार हाये भाऊ," ती म्हणाली. "फकत एक हाय. त्या दिवशी तुमी सांगतलं तवा मी दाराआड होती. अर्धं ऐकलं, अर्धं नाई. तुमी पाह्यलं होतं, एवढं एक डाव माह्यासमोर सांगा. म्हंजे मी मोकळी."

एक शब्द पुरला असता. तो मी आधी एकदा बोललोही होतो. शालू स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहत होती. ती काय सांगत होती ते मला कळत होतं.

मी म्हणालो, "चंद्रकला, मी जहाजावर नव्हतोच. मी पाहिलं नाही."

तिने विचारलं, "मंग कोणं पाह्यलं?"

"कोणीच नाही."

मी पुढे बरंच बोललो. सामान-खोलीचं, केरळच्या पोराचं, तिच्या सासऱ्याने काय विचारलं त्याचं. इंजिनावरची माणसं जहाजाच्या पोटात असतात, तिथून कोणी सुटणं कठीण असतं, हेही सांगितलं. ती ऐकत होती की नाही, ते मला माहीत नाही. तिने उरलेलं पाणी प्यायलं, तांब्या बाजूला सरकवला आणि उठली. शालू थांब म्हणाली, चहा तरी घे म्हणाली. गाडी चुकेल, असं म्हणून ती निघून गेली.

संध्याकाळी कणीक मळताना शालू म्हणाली, "तुमचं मन हलकं झालं न? आता तिचं पाहा."

महिनाभराने कळलं की तिने उमरेडला नकार दिला. आणि पुसलेलं कुंकू तीन वर्षांनंतर पुन्हा कपाळाला लावलं. गावात लोक नाना तऱ्हेचं बोलत होते. कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. सासू पुन्हा रेडिओजवळ बसू लागली. लढाईतले कैदी केव्हाच सुटून गेले होते, तरी बातम्या लागल्या की दोघी सासूसुना हातातलं काम सोडून ऐकत.

कवडूजी आले ते बऱ्याच दिवसांनी. मिरची आणलीच होती. ओट्यावर बसले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "साहेब, एक डाव सांगतलं होतं. मंग तेच काहून नाई ठेवलं?"

मी म्हणालो, मला खोटं सहन होत नव्हतं.

ते म्हणाले, "तुमाले नोतं होत. बरोबर हाय. पन ते ओझं तुमच्याजवळ होतं तं एकाजवळच होतं न." एवढं बोलून उठले. त्यानंतर ते कधी घरी आले नाहीत. मीही भिवापूरला गेलो नाही. दोनदा इतवारीला जाऊन तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलो आणि परतलो.

सत्त्याहत्तरमध्ये माझं नाव राखीव यादीतून निघालं. तसं पत्र आलं. दौलत आणि मी त्या दिवशी त्याच्या घरी जेवलो. श्रावणचं मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, लढाईत मी जहाजावर होतो आणि तू किनाऱ्यावर, पण लागलं तुलाच. माझी समजूत काढायला बोलला असेल. मला ते खरं वाटत नाही. लागलं ते चंद्रकलेला. मी तर नोकरी करत राहिलो, मुलींची लग्नं केली, गिरणीतून रीतसर निवृत्त झालो.

चंद्रकला आणखी एकदाच आली. निवृत्तीच्या आसपासची गोष्ट. सासू आधीच गेली होती, आणि त्या उन्हाळ्यात कवडूजीही गेले होते. ते सांगायला ती आली होती. केसांत पांढरं दिसत होतं, हात मिरचीच्या कामाने लाल आणि राठ झालेले. कपाळावर काही नव्हतं. माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"आता वाट नाई पाहत भाऊ," ती म्हणाली. "कोन्या दिवशी थांबली, ते मलेच नाई समजलं. एक दिवस पाह्यलं तं कुंकू लावाचं राहूनच गेलं होतं, अन् दिवसभर आठवलं बी नाई."

उमरेडच्या मास्तरांनी केव्हाच दुसरं लग्न केलं होतं. त्यांना मुलं होती. तेही तिनेच सांगितलं. बोलण्यात कडवटपणा नव्हता.

इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते मी त्या दिवशी विचारलं. म्हणालो, "त्या दिवशी मी नुसतं हो म्हटलं असतं, तर?"

तिने विचार केला. माझं मन राखण्यासाठी ती काहीतरी बोलेल, असं मला वाटलं होतं.

"तं गेली असती न भाऊ," ती म्हणाली. "मी तयारीनंच आली होती."

शालूने ताट वाढलं. ती पोटभर जेवली, भाजी चांगली झाली म्हणाली. सासऱ्यांच्या शेतात यंदा स्वतः मिरची लावली आहे, असं तिने सांगितलं. चारच्या गाडीला मी तिला इतवारीपर्यंत सोडायला गेलो. डबा भरलेला होता, तरी तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा तिने मला नमस्कार केला. मी हात जोडले, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तसाच उभा राहिलो.